‘अर्थसी’ पुन्हा पडद्यावर आणावी का? चित्रपट, मालिका, ॲनिमेशन की नुसते पुस्तक

अमेरिकन लेखिका उर्सुला ल ग्विन यांच्या ‘अर्थसी’ या बेटांच्या जादुई जगावरील सहा कल्पनारम्य पुस्तकांच्या मालिकेतील पहिले पुस्तक १९६८ मध्ये आले आणि शेवटचे २००१ मध्ये. तिचे पडद्यावरील रूपांतर आजवर दोनदा झाले आणि दोन्ही वेळा लेखिकेची निराशा झाली. २०१९ मध्ये ए-ट्वेंटीफोर या निर्मितीसंस्थेच्या नव्या दूरचित्रवाणी मालिकेची बातमी आली, तेव्हापासून वाचकांत दोन तट आहेत. एका बाजूला आता तरी नीट होऊ द्या म्हणणारे, दुसऱ्या बाजूला हात लावू नका म्हणणारे. निर्णय आपल्या हाती असता तर कोणता मार्ग निवडावा, हे पर्याय शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे.

या पुस्तकमालिकेत हलवता न येण्याजोग्या तीन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे नावांची जादू. प्रत्येक वस्तूला आणि माणसाला एक खरे नाव असते, ते ज्याला ठाऊक त्याची त्यावर सत्ता चालते, म्हणून ते फक्त अत्यंत विश्वासाच्या माणसालाच सांगायचे. पत्रिकेतले नावरस नाव वेगळे आणि हाक मारायचे वेगळे, हे पाहत वाढलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना चटकन उमगते. दुसरी गोष्ट वर्णाची. नायक गेड तांबूस-तपकिरी कांतीचा आहे, त्याचा मित्र त्याहून काळा आहे आणि गोरे लोक आहेत ते समुद्रापलीकडचे कार्गिश आक्रमक. १९६८ च्या अमेरिकेत हे लेखिकेने जाणूनबुजून केले होते. तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट अशी, की पहिल्या पुस्तकातला शत्रू बाहेरचा नाही. गर्वाच्या भरात गेडने मृतात्म्याला बोलावले, त्या फटीतून एक सावली बाहेर पडली, आणि शेवटी ऐन समुद्रात तो तिला गाठतो तेव्हा तलवार चालत नाही, मंत्र चालत नाही. दोघे एकाच क्षणी एकच नाव उच्चारतात, आणि ते नाव गेडचेच असते.

या कसोटीवर आधीचे दोन प्रयत्न पाहू. अमेरिकेतल्या साय-फाय वाहिनीने २००४ मध्ये पहिली दोन पुस्तके एकत्र करून लघुमालिका काढली, तीत गेड गोरा झाला आणि त्याचे खरे नाव व व्यवहारातले नाव यांची चक्क अदलाबदल झाली. ज्या कथेचा कणाच नावे आहेत, तिच्यात नावेच उलटी लावली, तर पुढे दिग्दर्शन कितीही चांगले असून उपयोग नाही. ल ग्विन यांना सल्लागार म्हटले गेले, पण सल्ला विचारला गेला नाही, आणि त्यांनी तसे जाहीरपणे लिहिले. जपानच्या स्टुडिओ जिबलीचा २००६ चा ॲनिमेशनपट हा गोरो मियाझाकी यांचा पहिलाच चित्रपट होता. हक्क देताना लेखिकेची अपेक्षा होती ती त्यांचे वडील, जिबलीचे नामांकित दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्याकडून. चित्र देखणे आहे, पण त्यात राजपुत्र अॅरन सुरुवातीलाच बापाचा खून करतो, जे पुस्तकात कुठेच नाही, आणि सगळे दुष्टपण एका खलनायकावर ढकलून त्याला मारले की प्रश्न मिटतो. लेखिकेचा मुख्य आक्षेप यालाच होता. माझ्या मते दोन्हींत जिबलीचा अपराध लहान आहे, कारण त्या चित्रपटात निदान वाऱ्याला, शेताला आणि थांबण्याला जागा आहे. वाहिनीच्या मालिकेत तेही नाही.

आता प्रकारांकडे वळू. चित्रपट हा पर्याय मी लवकर बाजूला सारतो. ‘नार्निया’ या कल्पनारम्य मालिकेच्या सात पुस्तकांपैकी तीनांवरच २००५ ते २०१० दरम्यान चित्रपट झाले आणि गाडी थांबली; फिलिप पुलमन यांच्या ‘हिज डार्क मटेरियल्स’ या कादंबरीत्रयीचा २००७ चा चित्रपट पहिल्याच भागावर अडला, आणि तीच त्रयी २०१९ ते २०२२ या काळात दूरचित्रवाणीच्या तीन पर्वांत पूर्ण झाली. पण मालिका म्हणजे हमी नव्हे. चौदा मुख्य पुस्तकांवर बेतलेली ‘व्हील ऑफ टाइम’ ही दूरचित्रवाणी मालिका तीन पर्वांनंतर २०२५ मध्ये बंद पडली. अर्थसीची पुस्तके मात्र आटोपशीर आहेत, प्रत्येकाची गोष्ट त्या त्या पुस्तकात संपते, आणि त्यामुळे मधेच बंद पडण्याची भीती इथे बरीच कमी आहे.

खरी तुलना आहे ती प्रत्यक्ष अभिनेत्यांची मालिका आणि ॲनिमेशन मालिका यांच्यात. अभिनेत्यांच्या बाजूने मोठी गोष्ट म्हणजे चेहरे: गेडसारख्या वर्णाच्या नटाला मुख्य भूमिका मिळणे ही २००४ च्या चुकीची सर्वांत थेट दुरुस्ती ठरेल. अडचण वयाची आहे. गेड आधी शेळ्या राखणारा पोरगा, मग एकोणीस वर्षांचा तरुण, तिसऱ्या पुस्तकात मध्यमवयीन महाजादूगार आणि चौथ्यात सामर्थ्य गमावून बसलेला माणूस. इतके वय एका नटावर चढवता येत नाही, आणि दर पर्वाला नट बदलला तर प्रेक्षकाची ओळख तुटते. ॲनिमेशनमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही. ड्रॅगन, समुद्र आणि शेकडो बेटे यांचा खर्चही तिथे आवाक्यात राहतो, आणि वर्ण तर चित्रकाराच्याच हातात असतो. तोटा एकच, पण गंभीर: ॲनिमेशन म्हणजे मुलांचे, या समजुतीमुळे निर्माते चौथ्या पुस्तकापर्यंत पोहोचण्याची शक्यता कमी, कारण त्यात भाजलेली, अत्याचार झालेली एक लहान मुलगी आहे.

‘हात लावू नका’ म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. बीबीसी रेडिओने पहिले पुस्तक १९९६ मध्ये ब्रिटिश अभिनेत्री जुडी डेंच यांच्या निवेदनासह सादर केले, आणि ज्या कथेत उच्चारलेला शब्दच सारे घडवतो तिला आवाज पुरतो. पण लेखिकेचा पडद्याला तात्त्विक विरोध नव्हता. दिग्दर्शक मायकेल पॉवेल यांच्यासोबत त्यांनी स्वतः पटकथा लिहिली होती, ती चित्रित झाली नाही इतकेच. त्यामुळे त्यांचे नाव पुढे करून दार कायमचे बंद करणे मला पटत नाही.

माझा कौल ॲनिमेशन मालिकेला, प्रत्येक पुस्तकाला तीन-चार भाग, आणि दोन पुस्तकांची सरमिसळ अजिबात नको. शिवाय सुरुवात पहिल्या पुस्तकाने न करता दुसऱ्याने करावी, हे माझे मत काहींना तिरपागडे वाटेल. ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’मध्ये पात्रे थोडी आहेत, जागा एकच आहे, आणि गेड बऱ्याच उशिरा येतो. नायिका तेनार पुजारीण आहे. थडग्यांखालच्या गुहेत दिवा नेण्यास मनाई असल्याने भिंतीवरून हात फिरवीत, वळणे मोजीत ती तिथे वावरायला शिकते, आणि आपली ती गुहा स्फटिकांनी लखलखते हे तिला पहिल्यांदा दिसते ते चोरून शिरलेल्या परक्या माणसाच्या काठीच्या उजेडात. हे पडद्यावर साधायचे तर त्याआधी बराच वेळ जवळजवळ काळा पडदा, पावलांचा आवाज आणि श्वास एवढेच दाखवण्याची तयारी हवी. करारात हीच अट सर्वांत आधी घालावी, आणि निर्मात्याला ती मान्य नसेल तर हक्क देऊ नयेत.