पाच किलोवॅटचे पैसे, सव्वातीनची पॅनेल

कराडला माझ्या माहेरी गेल्या वर्षी गच्चीवर सोलर बसलं. कोटेशनवर आणि पावतीवर ठळक अक्षरांत ‘५ किलोवॅट ऑन-ग्रिड सोलर सिस्टीम’ असं (ऑन-ग्रिड म्हणजे बॅटरी नसलेली, महावितरणच्या लाईनला म्हणजे ग्रिडला जोडलेली) लिहिलेलं आहे आणि त्याचे ३ लाख ५ हजार रुपये अण्णांनी मोजलेत. गच्चीवर प्रत्यक्षात बसलेली पॅनेल मात्र ३.२४ किलोवॅटची आहेत. आणि घराची खरी गरज जेमतेम २ किलोवॅटची. म्हणजे नको तेवढं मोठं गळ्यात मारलं आणि वर तेवढंही दिलं नाही. या दोन फसवणुका वेगवेगळ्या वाटतात, पण पहिली केली नसती तर दुसरी खपलीच नसती. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. आपापल्या आईवडिलांना वाचून दाखवा, कारण ही माणसं नेमकी दुपारच्या वेळी, घरात फक्त म्हातारी माणसं असताना येतात.

आमच्याकडे आलेल्या मुलाच्या गळ्यात ओळखपत्र होतं आणि तोंडी ‘पंतप्रधान सूर्यघर योजनेकडून आलोय’ असं वाक्य. ही योजना खरी आहे, चांगली आहे, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. पण त्या योजनेत सोलर बसवतो तो खासगी व्हेंडर, आणि तो आपण निवडायचा असतो. हा मुलगा एका एजन्सीचा सेल्समन होता. महिना होता मे. त्याने विचारलं, “काका, लाईट बिल किती येतं?” अण्णांनी नुकतंच आलेलं बिल दाखवलं, अडीच हजारांच्या आसपासचं. त्याने वहीत काहीतरी आकडेमोड केली आणि सांगितलं, “तुम्हाला पाचचंच लागणार.”

खरी गोम इथेच आहे. बिल किती रुपयांचं हा प्रश्नच चुकीचा. त्यात स्थिर आकार असतो, वहन आकार असतो, वीज शुल्क असतं, टप्प्यागणिक दर बदलतात. विचारायचे ते युनिट, आणि तेही एका महिन्याचे नव्हे, बारा महिन्यांचे. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. तो नुसता बेरजेला घ्यायचा. मी नंतर घेतला तेव्हा आमच्या घरचा वर्षाचा वापर २,१०० युनिट निघाला. मे महिन्यात २४०, थंडीत १३०, सरासरी १७५. आपल्याकडे १ किलोवॅटची पॅनेल वर्षाला साधारण १,३०० ते १,५०० युनिट देतात, म्हणजे वर्षभराची सरासरी धरली तर दिवसाला ४ युनिट. पावसाळ्यात ती निम्म्यावर येते, मार्च-एप्रिलमध्ये साडेचार-पाचापर्यंत जाते. २,१०० भागिले १,४००, उत्तर दीड. उद्या एखादा एसी आला तर असू दे म्हणून २ घ्या. योजनेच्या पोर्टलवरही महिना १५० ते ३०० युनिट वापर असलेल्या घराला २ ते ३ किलोवॅट पुरेसं, असंच दिलंय. एवढा हिशेब करायला कॅल्क्युलेटरही लागत नाही, आणि सेल्समनने तो केला नाही कारण त्याला तो करायचाच नव्हता.

मग पाचचा आग्रह कशाच्या जोरावर? त्याने तीन गोष्टी सांगितल्या आणि तिन्ही खोट्या.

मोठं घेतलं की सबसिडी जास्त, हे पहिलं. योजनेत पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार मिळतात. एकूण ७८ हजार, आणि तिथेच थांबतं. ३ घ्या, ५ घ्या, १० घ्या, ७८ हजारच. २ किलोवॅटला ६० हजार. म्हणजे तीनच्या पुढचा प्रत्येक रुपया पूर्णपणे आपल्या खिशातला.

उरलेली वीज विकून घरबसल्या कमाई, हे दुसरं. नेट मीटरमध्ये, म्हणजे ग्रिडकडून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरमध्ये, जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात वळते होतात हे खरं. पण आर्थिक वर्ष संपताना, ३१ मार्चला, जे शिल्लक उरतात त्यांचे पैसे आपण वीज घेतो त्या दराने मिळत नाहीत, त्याहून पुष्कळ कमी मिळतात. शिवाय घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांचा दर पुढच्या २०० युनिटांपेक्षा कितीतरी कमी असतो. सोलर आधी वाचवतं ते वरच्या टप्प्यातले महाग युनिट. जसजसं मोठं घ्याल तसतसं ते स्वस्त युनिट वाचवू लागतं आणि मग फुकटच्या भावात वीज ग्रिडला देऊ लागतं. पैसे परत फिटायची वर्षं त्यामुळेच लांबतात.

आणि तिसरं, “लाईट गेली तरी तुमच्याकडे चालूच.” साफ खोटं. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारी पेटी, ग्रिड गेली की सुरक्षेसाठी आपोआप बंद होतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या घरच्या विजेचा झटका बसेल. बॅटरी हवी तर हायब्रिड सिस्टीम लागते, तिचा खर्च वेगळा. पहिल्या वळवाला लाईट गेली तेव्हा आईने फोन केला. तिला त्याने सांगितलं, “काकू, सेटिंग करून देतो.” ते सेटिंग कधी झालं नाही, होणारही नव्हतं.

सव्वातीनचा प्रकार उघडकीला आला तो मात्र वेगळ्याच वाटेने. एप्रिलच्या सुट्टीत मी माहेरी होते. अण्णांच्या मोबाईलवर इन्व्हर्टरचं ॲप आहे, त्यात दिवसभराच्या निर्मितीचा आलेख दिसतो. आकाश निरभ्र, ऊन करकरीत, पॅनेल आदल्या संध्याकाळी धुतलेली. भर दुपारी आकडा २.६ किलोवॅटवर गेला आणि तिथेच अडकला. दिवसअखेर १४ युनिट. मागचे दिवस चाळले, तर एकाही दिवशी आलेख २.७ च्या वर गेलेला नाही. ५ किलोवॅटच्या पॅनेलनी अशा उन्हात ४ तरी ओलांडायला हवे होते आणि दिवसाचे वीसच्या वर युनिट द्यायला हवे होते. एजन्सीला फोन केला तर उत्तर तयार होतं. उन्हाने पॅनेल तापतात मॅडम, निर्मिती कमी होते. तापल्यावर निर्मिती घटते हे खरंच आहे, पण ती दहा-पंधरा टक्के. निम्म्याने नाही.

मग ओळखीच्या वायरमनला घेऊन गच्चीवर गेलो. प्रत्येक पॅनेलच्या पाठीमागे एक स्टिकर असतो, त्याला नेमप्लेट म्हणतात. त्यावर कंपनीचं नाव, मॉडेल, अनुक्रमांक आणि कमाल शक्ती वॅटमध्ये छापलेली असते. आमचं स्ट्रक्चर बुटकं, त्यामुळे वायरमन पाठीवर आडवा होऊन आत सरकला आणि मोबाईलच्या उजेडात वाचत गेला. ५४०. ५४०. ५४०. सहा पॅनेल, सहाही ५४० वॅटची. सहा गुणिले ५४०, ३,२४० वॅट. खाली जिन्यापाशी भिंतीवर लावलेला इन्व्हर्टर मात्र ५ किलोवॅटचा होता, त्याच्या तोंडावरच मोठ्या अक्षरांत ५ लिहिलेलं. सेल्समन अण्णांना तोच दाखवून गेला होता. इन्व्हर्टर कितीचाही असो, वीज पॅनेल तयार करतात. आणि पैशाचा मोठा वाटाही पॅनेलमध्येच असतो.

कागदपत्रं काढली तेव्हा पुढचं कळलं. पोर्टलवरची नोंदणी त्या मुलानेच अण्णांच्या मोबाईल नंबरवर केली होती. “काका, एक ओटीपी आलाय बघा, सांगा.” दर टप्प्याला ओटीपी, दर टप्प्याला सही. लॉगिन आमच्या हातात घेतल्यावर दिसलं की महावितरणकडच्या नेट मीटरच्या अर्जात आणि पोर्टलवर क्षमता ३.२४ किलोवॅटच नोंदवलेली आहे. सरकारी कागद खरा, आमच्या हातातलं कोटेशन खोटं. सबसिडी मोजताना पॅनेल आणि इन्व्हर्टर यांतली कमी क्षमता धरतात. ३.२४ ला ७८ हजार, ५ लाही ७८ हजार. खात्यात पूर्ण सबसिडी जमा झाली आणि कुणाच्या मनात शंकेला जागाच उरली नाही.

आता सुरुवातीचं वाक्य पुन्हा ध्यानात घ्या. घराला लागतात वर्षाला २,१०० युनिट. सव्वातीनची पॅनेल देतात ४,५०० च्या आसपास. बिल स्थिर आकारावर आलं, आईअण्णा खूश. पाचच्या पैशात सव्वातीन मिळालंय हे बिल पाहून कळणं शक्यच नव्हतं. दोनचीच सिस्टीम विकून दीडची पॅनेल लावली असती तर पहिल्याच पावसाळ्यात बोंब झाली असती. गरजेपेक्षा दुप्पट-अडीचपट आकार विकणं ही यांची निव्वळ हाव नाही, ते चोरीचं पांघरूण आहे. मला या सगळ्यातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट हीच वाटते.

जागेबद्दलही सांगायला हवं. १ किलोवॅटला सावली नसलेली साधारण १०० चौरस फूट जागा लागते. सेल्समनने पाहणी मे महिन्यात केली, तेव्हा सूर्य आपल्या जवळपास डोक्यावर असतो आणि कशाचीच सावली लांब पडत नाही. डिसेंबरात तो दक्षिणेला इतका कलतो की कराडला भर बारा वाजताही सावली वस्तूच्या उंचीच्या जवळपास पोचते, दुपारनंतर आणखी लांबते. आमची जिन्याची खोली आणि तिच्यावरची टाकी गच्चीच्या नैर्ऋत्येला. थंडीत तीननंतर कडेची दोन पॅनेल सावलीत जातात, आणि सगळी एकाच माळेत जोडलेली असल्याने दोघांच्या सावलीचा फटका सहाही पॅनेलना बसतो. ५ किलोवॅटला जागाच नव्हती त्या गच्चीवर. पाहणीला येणारा माणूस डिसेंबरची सावली कुठे पडेल हे सांगू शकत नसेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

कोटेशनवर ‘५ किलोवॅट सिस्टीम’ एवढंच लिहिलेलं असेल तर सही करू नका. पॅनेल किती, प्रत्येक किती वॅटचं, कोणत्या कंपनीचं, कोणतं मॉडेल, सबसिडीसाठी लागणारं भारतीय बनावटीचं म्हणजे डीसीआर आहे का, आणि इन्व्हर्टर कितीचा, हे वेगवेगळं लिहून घ्या. पॅनेल स्ट्रक्चरवर चढवण्याआधी जमिनीवर असतानाच नेमप्लेटचे फोटो काढा, नंतर खाली घुसावं लागतं. पोर्टलचं लॉगिन स्वतःकडे ठेवा आणि ओटीपी सांगण्याआधी स्क्रीनवर कोणती क्षमता दिसतेय ती वाचा.

आमच्या एजन्सीने आधी कानावर हात ठेवले. नेमप्लेटचे फोटो पाठवल्यावर ‘उरलेली पॅनेल लावून देतो’ म्हणाले. आम्ही नाही म्हटलं. वाढीव क्षमतेला पुन्हा मंजुरी लागते, गच्चीवर जागा नाही आणि ती वीज आम्हाला नकोच आहे. कराडमध्येच दुसऱ्या दोन ठिकाणी विचारलं तर त्याच प्रतीचं ३ किलोवॅट १ लाख ९० हजारांच्या आसपास बसत होतं. फरकाचे पैसे मागणारी नोटीस वकिलांमार्फत पाठवली, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि योजनेच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली. काहीच हाललं नाही म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि फसवणूक झाल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येतं. कोटेशन, पावती, नेमप्लेटचे फोटो, पोर्टलवरची नोंद आणि ॲपमधले आलेख असं सगळं जोडलंय. अण्णांनी कॉलनीत त्याच एजन्सीकडून सोलर बसवलेल्या घरांच्या गच्च्या पालथ्या घातल्या, तेव्हा आणखी दोन घरांत असाच फरक निघाला. तेही आता तक्रार करताहेत.