मालवणात स्कूबा: मासे सगळ्यांना तेच, फरक दोरीपाशी कळतो

दांडीच्या किनाऱ्यावर स्कूबासाठी, म्हणजे हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जायला, सिंधुदुर्ग किल्ल्यामागे नेणाऱ्या बोटी रांगेने उभ्या असतात, दरही थोड्याफार फरकाने सारखेच. आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्यांना पाचपैकी चार.

मी सांगलीची, कृष्णेत पोहायला शिकलेली. त्यामुळे घरच्यांना काळजी माझी नव्हती, जाऊबाईंची होती. त्यांना गुडघाभर पाण्यातही देव आठवतात. झालं उलटंच! मास्क चढवला, टाकीतली हवा तोंडात देणारा रेग्युलेटर दातांत धरला, बोटीच्या दोरीला धरून तोंड पाण्यात घातलं आणि माझीच छाती धडधडायला लागली. नाक बंद. पोहणाऱ्याला तोंड पाण्यात गेलं की श्वास धरायची सवय, आणि इथे नेमकं तेच करायचं नसतं. मग भराभर, वरवरचे श्वास सुरू झाले. त्यात आतला कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही, म्हणून टाकी भरलेली असूनही हवा पुरत नाही असं वाटतं आणि धाप आणखी वाढते. तोंडातलं ते उपटून टाकावं, एवढंच सुचत होतं.

माझ्याबरोबरचा गाइड विशीतलाच मुलगा असेल. त्याने मला वर घेतलं, हात सोडला नाही. "ताई, घाई नाय. काय्येक होवचा नाय. आधी श्वास सोडा, लांब सोडा." पुन्हा तोंड पाण्यात, पुन्हा वर. बोटीवर पुढची गिऱ्हाइकं ताटकळत होती, कोणीतरी कुरकुरलंही. त्याने तिकडे पाहिलं नाही. मी स्वतः खूण केल्यावरच खाली नेलं. चार गुण याचे.

एक गुण कापला तो बोटीवरच्या सूचनांसाठी. "श्वास रोखू नका" सांगितलं, का ते नाही. पाच मीटर खोलीवर दाब पाण्याबाहेरच्या दीडपट असतो. तिथून श्वास कोंडून घाबऱ्याघुबऱ्या वर धावलं तर फुप्फुसातली हवा दीडपट फुगायला बघते आणि फुप्फुस फाटू शकतं. एवढं सांगायला कितीसा वेळ लागतो? फॉर्मवर सह्या घेतल्या, पण दमा आहे का, बीपीची गोळी चालू आहे का, हे तोंडी कोणी विचारलं नाही. जाऊबाईंची गोळी मीच सांगितली. मग मात्र त्यांना थांबवून नीट चौकशी केली.

खुणाही घाईत उरकल्या. अंगठा वर म्हणजे 'वर न्या', 'मस्त' नव्हे. जाऊबाईंनी पट्ट्यापट्ट्यांचे मासे बघून खुशीत अंगठा दाखवला, आणि त्यांच्याबरोबरच्या गाइडने त्यांना सरळ वर आणलं! परत खाली न्यायला लावलं त्यांनी.

पाणी गढूळसर होतं, अंदमानची अपेक्षा ठेवू नका. माशांना पाव टाकतात, ते मला पटलं नाही. व्हिडिओ मोबाइलवर लगेच देतात. बुकिंग करताना दराआधी एवढंच विचारा: दोरीपाशी सराव किती वेळ, आणि नको वाटलं तर परत बोटीवर घेता का? आमच्याकडे उत्तर 'हो' होतं, पैसे मात्र परत मिळत नाहीत.