‘घरात टॉवर आणून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी हे वाचा

काटोल तालुक्यात माझ्या मामांचं घर आहे, गावापासून बाजूला, संत्र्याच्या बगीच्यात. तिथं फायबर नाही आणि लवकर येण्याचं चिन्हही नाही. मामेबहीण नीटची तयारी ऑनलाइन क्लास लावून करते, मामांना रोज नागपूरच्या कळमना बाजारातले भाव पाहायचे असतात, आणि संध्याकाळी फोन घेऊन सगळे गच्चीवर. अशा घरी एक माणूस आला. त्यानं छतावर ॲन्टेना आणि हॉलमध्ये एक डबा, म्हणजे सिग्नल मोठा करणारा बूस्टर, बसवून दिला आणि १८,५०० रुपये घेऊन गेला. “मामाजी, काही टेंशन घेऊ नका, घरात टॉवर आणून देतो,” हे त्याचं बोलणं. तो डबा कुणालाही खाजगीत वापरायला मनाई आहे, हे त्यानं एका शब्दानं सांगितलं नाही.

मुख्य फसवणूक दाखवण्यातच होती. त्यानं स्वतःचा फोन काढला, स्पीड टेस्ट लावली, ४० च्या वर आकडा आला आणि घरातले सगळे खूश झाले. पण त्याच्या फोनमधलं सिम वेगळ्या कंपनीचं होतं. त्या कंपनीचा टॉवर गावाच्या त्याच अंगाला आहे. मामांच्या सिमचा टॉवर दूर, मधे टेकाड. म्हणजे तो आकडा डब्याशिवायही आलाच असता. वर वेळ सकाळी अकराची, टॉवर रिकामा असण्याची. रात्री आठ-नऊला अख्खं गाव व्हिडिओ पाहत असतं, तेव्हा त्याच टॉवरचा वेग पडतो. गर्दीमुळे नेट मंद होत असेल तर ॲन्टेना त्यावर फारसं काही करू शकत नाही.

तो गेल्यावर मामांच्या फोनवर रेंजच्या दांड्या पूर्ण भरलेल्या दिसायच्या, आणि क्लासचा व्हिडिओ मात्र अडकतच राहिला. त्याचं कारण समजून घ्या, कारण हे लोक याच दांड्यांवर धंदा करतात. दांड्या सांगतात सिग्नल किती जोरात येतोय. तो किती स्वच्छ आहे, हे त्यांच्यावरून कळत नाही. बूस्टर सिग्नलसोबत त्यातला गोंगाटही वाढवतो. शिवाय फोर जीवर फोन किंवा राउटर एकाच वेळी दोन वाटांनी डेटा घेतो, त्यासाठी दोन ॲन्टेना आणि दोन केबली लागतात. या माणसानं लावलेल्या डब्याला छतावरून एकच केबल होती. म्हणजे दुसरी वाट बंदच.

केबलचंही तेच. त्यानं वापरलेली बारीक काळी केबल १८०० मेगाहर्ट्झच्या मोबाइल लहरींवर दर मीटरमागे पाऊण डीबीच्या (सिग्नलची घट-वाढ मोजायचं माप) आसपास सिग्नल खाते. छतापासून हॉलपर्यंत २० मीटर धरा, म्हणजे १५ डीबी गेले. वर पकडलेल्या सिग्नलचा जेमतेम तिसावा हिस्सा खाली पोचला. चांगल्या जाड केबलीत, एलएमआर-४०० सारख्या, तेवढ्याच लांबीला सुमारे ४ डीबी जातात. ती महाग असते, म्हणून हे लोक तिचं नावही काढत नाहीत.

ॲन्टेनाच्या खोक्यावर ‘५० डीबीआय’ छापलं होतं. डीबीआय म्हणजे ॲन्टेनाची ताकद मोजायचं माप. १८०० मेगाहर्ट्झला खरोखर ५० डीबीआय मिळवायचे तर वीसेक मीटर व्यासाची डिश लागेल. हातभर लांबीच्या चांगल्या ॲन्टेनाला १० ते १२ डीबीआय मिळतात. त्या खोक्यावर असा आकडा दिसला की तिथंच व्यवहार थांबवा.

आता डब्याबद्दल, कारण त्यात फक्त पैसे जात नाहीत. बूस्टर छतावरचा सिग्नल मोठा करून घरात फेकतो. घरातला तो सिग्नल पुन्हा छतावरच्या ॲन्टेनात शिरला, की माइक स्पीकरसमोर धरल्यावर जशी शिटी वाजते तसं होतं, आणि तो कल्लोळ थेट टॉवरवर जाऊन आदळतो. मग त्या टॉवरवरच्या सगळ्यांचेच कॉल तुटायला लागतात. मामांच्या गावात नेमकं हेच झालं. शेजारच्या लोकांचे कॉल कटायला लागले, आणि शेवटी मोबाइल कंपनीचा माणूस सिग्नल शोधायचं यंत्र घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला. त्यानं समजुतीनं घेतलं, डबा लगेच बंद करायला लावला. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून परवान्याशिवाय असं यंत्र बाळगणं हा गुन्हा राहिला आहे. दूरसंचार विभागानंही स्पष्ट सांगितलंय की बूस्टर परवाना असलेल्या मोबाइल कंपनीनंच लावायचा. इतर कुणी तो विकणं, ठेवणं, वापरणं बेकायदेशीर. विकणारा पैसे घेऊन निघून जातो, सापडतो तो घरमालक. डबा बसवणाऱ्यानं लॅमिनेट केलेलं ‘केंद्र सरकारचं सर्टिफिकेट’ मामांना दाखवलं होतं. वायफाय उपकरणांना मिळणाऱ्या मान्यतेचा तो कागद होता. बूस्टरशी त्याचा काहीही संबंध नाही.

एक गोष्ट पाहून मला सगळ्यात जास्त राग आला. छतावरचा लोखंडी पाइप त्यानं अर्थिंगशिवाय उभा केला होता. मृगाच्या तोंडावर आपल्याकडे विजा कशा पडतात हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. उघड्या बगीच्यात, घराच्या सगळ्यात उंच टोकावर लोखंड, आणि त्याची केबल सरळ हॉलमध्ये.

साधा ॲन्टेना लावायला कायद्याची आडकाठी नाही आणि त्याचा उपयोगही होतो. ज्या फोर जी राउटरला मागे ॲन्टेनाची दोन तोंडं आहेत तोच घ्यायचा; खिशातल्या छोट्या हॉटस्पॉटला बहुतेक ती नसतात. त्याला एकमेकांशी काटकोनात तिरपे धरलेले दोन ॲन्टेना जोडायचे, केबल होईल तेवढी आखूड ठेवायची. राउटर छतावर प्लास्टिकच्या डब्यात ठेवायचा सल्ला कुणी दिला तर मे महिन्यातला आपला ४५ अंशांचा पारा आठवा. आम्ही तो वरच्या खोलीत, भिंतीच्या आत ठेवला, आणि पाइपला अर्थिंग करून घेतलं. त्याआधी दोन्ही-तिन्ही कंपन्यांची सिमं आणून छतावर तपासली आणि सिमच बदललं. निम्मा फरक तिथंच पडला. राउटरच्या सेटिंगच्या पानावर आरएसआरपी नावाचा आकडा असतो, तो सिग्नल किती जोरात येतोय ते सांगतो; शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. आमचा उणे ११४ वरून उणे ९९ वर आला. आता क्लास अडकत नाही. रात्री वेग पडतो, तो पडणारच. आणि गावच्या टॉवरवर फाइव्ह जी नसेल तर कुठलाही ॲन्टेना ते आणू शकत नाही.

बसवणारा कुणीही असो, तुमच्या सिमवर, तुमच्या फोनवर, रात्री नऊ वाजता, आधी आणि नंतर मोजून दाखव म्हणा. पैसे त्यानंतर, आणि पक्क्या बिलावर. जवळचे टॉवर कुठे आहेत ते दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर घरबसल्या पाहता येतं.

ज्यांचे पैसे गेलेत त्यांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. मामांनी ७,००० रुपये यूपीआयनं दिले होते म्हणून तेवढा पुरावा हातात आहे. बाकीची रक्कम रोख, बिल नाही. त्या नोंदीवर आणि डब्याच्या फोटोंवर आम्ही तक्रार केली आहे. काटोल, कळमेश्वर, नरखेडकडे कुणाच्या घरी असाच डबा बसवला असेल तर आधी तो बंद करा, फोटो काढून ठेवा, पैसे दिल्याची नोंद जपा, आणि तुमचीही तक्रार द्या.