किराणा की जयपूर? ख्याल ऐकायला सुरुवात कुठून करावी

शास्त्रीय गाणं ऐकायचं मनावर घेतलेल्या माणसाला पहिला सल्ला बहुधा एकच मिळतो. भीमसेनजींपासून सुरू करा, मग किशोरीताई, आणि मल्लिकार्जुन मन्सूर, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर वगैरे अगदी शेवटी, कान तयार झाल्यावर. ख्याल म्हणजे बंदिशीच्या आधाराने राग फुलवत नेणारं गाणं, आणि किराणा, जयपूर ही ते गाणाऱ्यांची दोन घराणी, म्हणजे गायकीच्या परंपरा. भीमसेनजी किराण्याचे, बाकीचे जयपूरचे. म्हणजे आधी किराणा, मग जयपूर, कारण किराणा सोपं आणि जयपूर अवघड. यात तथ्य आहे, पण हा सल्ला सगळ्यांना लागू पडत नाही. तो मानून कितीतरी जण पंधराव्या मिनिटाला गाणं बंद करतात आणि ‘आपल्याला शास्त्रीय काही कळत नाही’ असा शिक्का स्वतःवर मारून घेतात. माझं म्हणणं असं की सुरुवात कुठून करायची हे कान किती तयार आहे यावर ठरवू नये. ऐकताना तुमचं लक्ष आपसूक कुठे जातं, सुराकडे की लयीकडे, यावर ठरवावं.

माझा स्वतःचा कल जयपूरकडे आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना तेवढं वजा करता येईल.

घराण्यांची नावं उत्तरेकडची असली तरी दोन्ही गायकी वाढल्या आपल्याकडे. किराणा गायकी घडवणारे अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचे, पण ते स्थायिक झाले मिरजेत. 1937 साली गेल्यावर त्यांना तिथल्याच मीरासाहेब दर्ग्यात दफन केलं. जयपूर गायकी घडवणारे अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात कोल्हापूरला होते, पुढे मुंबईत आले आणि 1946 साली गेले. मिरज आणि कोल्हापूर यांच्यात अंतर जेमतेम पन्नास किलोमीटरचं. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई तर लहानपणी कोल्हापुरात काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या आणि पुढे 1921 पासून अल्लादिया खाँसाहेबांच्या गंडाबंध (रीतसर धागा बांधून घेतलेल्या) शिष्या झाल्या. इतक्या जवळ नांदलेल्या दोन गायकी कानाला इतक्या वेगळ्या का लागतात, हे एका रागाच्या पहिल्या दहा मिनिटांत समजतं.

मालकंस घेऊ. सा, कोमल गंधार, मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद एवढेच पाच स्वर. रिषभ (रे) आणि पंचम (प) वर्ज्य. किराण्याचा गवई मालकंस मांडायला बसला की आधी षड्ज, म्हणजे सा, लावतो आणि तिथे थांबतो. तंबोऱ्यात तो षड्ज मिसळला की खालच्या निषाद-धैवताला स्पर्श करतो, परत षड्जावर येतो. विलंबित एकतालाची लय इतकी संथ असते की बारा मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, भरायला कधीकधी मिनिटभर लागतं. त्या मिनिटात बंदिशीचे, म्हणजे बांधलेल्या गीताचे, शब्द मुखड्यापुरते (सुरुवातीच्या तुकड्यापुरते) येतात, बाकी सगळा आकार, म्हणजे ‘आ’ लावून गाणं, मधूनच सरगम, म्हणजे स्वरांची नावं घेत गाणं. एकेक स्वर बढतीने, म्हणजे टप्प्याटप्प्याने, पुढे येतो, आणि मध्यमाची वाट तुम्हाला पाहायला लावतात. तो मध्यम नीट लागला की अंगावर काटा येतो. अंतरा, म्हणजे बंदिशीचा दुसरा भाग, कधी येतो, कधी येतही नाही. त्याची उणीव भासत नाही, कारण ऐकणाऱ्याचं लक्ष बंदिशीच्या बांधणीवर नसतंच.

आता जयपूरवाले याच रागाचा भाऊबंद गातात, संपूर्ण मालकंस. किशोरीताईंचा ऐका किंवा मन्सूरअण्णांचा ऐका, ‘बरज रही’. इथे रिषभ आणि पंचम दोन्ही येतात, पण ठाण मांडून बसत नाहीत. वळणावळणाने येतात आणि निघून जातात. मालकंस ज्याच्या कानात बसलाय तो दचकतो. ताल बहुतेकदा तीनताल, आणि लय विलंबित म्हटली तरी चालती. साधारण वीस-पंचवीस सेकंदांत आवर्तन पुरं होतं, मुखडा पुन्हा येतो, सम (आवर्तनाची पहिली मात्रा) पुन्हा येते. मधली जागा रिकामी सोडत नाहीत. स्वरावर मुक्काम करायच्या आधीच पुढचं वाक्य सुरू होतं, ते लयीच्या अंगाने वळत जातं आणि नेमकं समेवर उतरतं. आलापसुद्धा लयीत गुंफलेला असतो. सरगम या घराण्यात परंपरेने घेत नाहीत. खुल्या आवाजातला आकार आणि गमकेच्या, म्हणजे स्वर जोरात हलवून घेतलेल्या, पेचदार ताना, हे इथलं भांडवल.

मग ‘जयपूर अवघड’ हे कुठून आलं? एक कारण अनवट, म्हणजे क्वचित गायले जाणारे, राग. खोकर, खट, बसंती केदार, बिहागडा, रायसा कानडा अशी नावं नव्या माणसाने ऐकलेली नसतात, आणि जोडरागात, म्हणजे दोन राग सांधून केलेल्या रागात, कुठला राग कुठे संपला हे सांगायला ओळखीचे राग आधी पक्के लागतात. दुसरं कारण असं की हे गाणं पटकन लाघवी होत नाही. केसरबाईंच्या तानेत जी ताकद आहे ती पहिल्यांदा ऐकताना कोरडी वाटू शकते. ही तक्रार मी खूपदा ऐकली आहे आणि ती खोटी म्हणणार नाही. पण रागाचं नाव ओळखता येणं ही ऐकण्याची अट कधीपासून झाली? जोडरागातली सांधेजोड कळली नाही म्हणून समेवर येतानाची मजा कमी होत नाही. ज्याला गाणं लागलं की बोटाने ताल धरायची सवय आहे, ज्याला काहीतरी ‘चाललंय’ असं वाटायला हवं, त्याला अतिविलंबित एकतालापेक्षा मन्सूरअण्णांचा यमनी बिलावल कितीतरी लवकर आपलासा वाटतो. अशा माणसाला ‘आधी किराणा’ सांगणं म्हणजे त्याला दारातून परत पाठवणं आहे.

उलट, ज्याला एकाच सुरात बुडून राहायला आवडतं, ज्याला भजनात शब्दांपेक्षा ‘ती एक जागा’ आठवते, त्याने जयपूरच्या मागे लागू नये. निदान सुरुवातीला. त्याला वाटेल की हे लोक घाईत आहेत. त्याने किराण्याच्या हिराबाई बडोदेकर ऐकाव्यात, प्रभा अत्रे ऐकाव्यात, फिरोज दस्तूर ऐकावेत. हुबळीच्या गंगूबाई हंगलांचा तो घशाच्या शस्त्रक्रियेनंतर खाली उतरलेला भारदस्त आवाज ऐकावा. मारवा राग त्यांच्या गळ्यातून ऐकला की षड्जाकडे जायची ओढ म्हणजे काय ते कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आता एक अडचण. या दोन घराण्यांची जी दोन नावं सगळ्यांच्या तोंडी आहेत, ती दोघंही आपापल्या घराण्याचा ठरीव नमुना नाहीत. भीमसेन जोशी सवाई गंधर्वांचे शिष्य, म्हणजे थेट किराणा. पण त्यांच्या गाण्यातला आवेश, तानांचा तो झपाटा त्यांनी इतरांकडूनही उचलला. केसरबाईंच्या गाण्याबद्दलचं प्रेम त्यांनी कधी लपवलं नाही. म्हणूनच ते लयीच्या माणसालाही आवडतात आणि सुराच्या माणसालाही, आणि म्हणूनच सल्ला देणाऱ्यांना ते सोयीचे पडतात. पण भीमसेनजी आवडले म्हणून किराणा आवडलं, असा अर्थ काढू नका. पुढचं पाऊल म्हणून दस्तूरांचं शांत गाणं लावलं की काहींचा विरस होतो.

किशोरीताईंचं उलटं. मोगूबाईंची लेक, त्यामुळे तालीम अस्सल जयपूरची. पण त्यांनी आलापाला जो अवकाश दिला, एका स्वराभोवती ज्या रेंगाळल्या, ते अल्लादिया खाँसाहेबांच्या चौकटीत बसत नव्हतं, आणि त्यावरून वादही खूप झाले. मला त्यांचा भूप, ‘सहेला रे’, आयुष्यभर पुरेल असा वाटतो. तरीही जयपूर म्हणजे काय हे ठरवायचं असेल तर तेवढ्यावर ठरवू नये. मायलेकींचं गाणं पाठोपाठ ऐका. मोगूबाईंच्या गाण्यात लयीची शिस्त कशी हाडामासात भिनलेली आहे ते लगेच दिसेल, आणि लेकीने काय सोडलं, काय ठेवलं, हेही.

अल्लादिया खाँसाहेबांची मात्र व्यावसायिक ध्वनिमुद्रिका नाही. आवाज गेला होता, मग जो आवाज परत आला त्याला साजेशी नवी गायकी त्यांनी घडवली, हे सगळं आपल्याला सांगूनच माहीत. ती गायकी ऐकायची तर शिष्यांच्या गळ्यातूनच. अब्दुल करीम खाँसाहेबांचं तसं नाही. त्यांचा तो उंच, बारीक, सुईसारखा आवाज जुन्या तबकड्यांवर आहे. ‘पिया बिन नहीं आवत चैन’ ही झिंझोटीतली ठुमरी तीन-साडेतीन मिनिटांची. एवढ्या वेळात किराणा काय आहे ते कळतं. केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवीही तेवढीच. तीच 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली.

या तबकड्यांचा नव्या श्रोत्याला मोठा उपयोग आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. तासाभराच्या ख्यालाने निर्णय घ्यायला वेळ लागतो. तीन मिनिटांच्या दोन तबकड्या पाठोपाठ लावल्या की कुठली परत लावावीशी वाटते ते तत्काळ समजतं. जी परत लावावीशी वाटली, तिकडे जा.

कधी आणि कशावर ऐकणार, हाही मुद्दा आहे. किराण्याच्या गाण्यातली अर्धी गोष्ट तंबोऱ्यात असते. स्वर तंबोऱ्यात कसा विरघळतो ते ऐकू आलं नाही तर हाती काही लागत नाही, आणि मोबाइलच्या स्पीकरवर तंबोरा पार बुडतो. लोकलमध्ये, गाडी चालवताना, स्वयंपाक करताना किराण्याचा बडा, म्हणजे विलंबित, ख्याल लावणं म्हणजे त्याच्यावर अन्याय. त्याला रात्रीचा निवांत अर्धा तास आणि बरे हेडफोन हवेत. जयपूरचं गाणं गोंगाटात जास्त तग धरतं. सम कानावर पडत राहते, बंदिशीचा आकार हरवत नाही. तुमच्या दिवसात शांत अर्धा तास मिळतच नसेल, तर हाच मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा वरचढ ठरावा असं मी म्हणेन.

नाट्यसंगीत ऐकत वाढलेल्यांना वाटतं की आपला कान किराण्याचाच, कारण सवाई गंधर्व, हिराबाई ही मंडळी रंगभूमीवरची. पण ‘मानापमान’च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या आणि ‘स्वयंवर’च्या भास्करबुवा बखल्यांच्या, आणि या दोघांनीही अल्लादिया खाँसाहेबांकडून घेतलेलं आहे. आजीच्या तोंडून ही पदं ऐकली असतील तर जयपूरची वळणं तुमच्या कानावरून आधीच गेली आहेत.

ठुमरी, भजन, अभंग यांची ओढ जास्त असेल तर मात्र सरळ किराण्याकडे वळावं. तिथून ख्यालापर्यंतची वाट सलग आहे. जयपूरच्या जुन्या मंडळींनी बहुतांशी ख्यालालाच वाहून घेतलं होतं.

शिकायचं असेल तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवा. घराणं नंतर, गुरू आधी. घरापासून जवळ कोण आहे, कोण वेळ देतं, तुमच्या आवाजाची पट्टी कुणाला समजते, यावर निर्णय होतो आणि तो तसाच व्हावा.

दोन्हीपैकी काहीच लागू पडलं नाही, असंही होतं. किराणा रेंगाळतं आणि जयपूर दमवतं असं वाटणाऱ्यांनी ग्वाल्हेर ऐकावं. राग ओळखीचे, बंदिश ठसठशीत, स्थायी-अंतरा, म्हणजे बंदिशीचे दोन्ही भाग, पुरेपूर. आजच्या काळात उल्हास कशाळकर आहेत, ज्यांच्या गाण्यात ग्वाल्हेर, जयपूर आणि आग्रा तिन्ही एकत्र नांदतात. दोन घराण्यांत अडकलेल्या माणसाला मी बऱ्याचदा त्यांचंच नाव सुचवतो.

कल ठरला असेल तर पुढे एकदम पंचवीस राग गोळा करू नका. किराणा निवडलं असेल तर भीमसेनजींचा शुद्ध कल्याण किंवा पूरिया धनाश्री घ्या आणि आठवडाभर तोच ऐका, मग तोच राग हिराबाई किंवा प्रभाताईंनी गायलेला मिळाला तर तो. जयपूर निवडलं असेल तर मन्सूरअण्णांचा एक राग, त्याच्या मागे केसरबाईंच्या तबकड्या, मग धोंडूताई कुलकर्णी. त्यांच्या गाण्यात केसरबाईंची तालीम स्वच्छ ऐकू येते. आजच्या गायिकांत अश्विनी भिडे-देशपांडे आणि श्रुती सडोलीकर आहेत. एकच राग पुन्हा पुन्हा ऐकल्यावर गवई पुढे कुठे वळणार याचा अंदाज यायला लागतो, आणि तो अंदाज गवयाने चुकवला की खरी मजा सुरू होते.

आणि जमेल तितक्या लवकर समोर बसून ऐका. पुण्यात डिसेंबरमध्ये सवाई गंधर्व महोत्सव असतो. भीमसेनजींनी 1953 साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला तो महोत्सव आता सगळ्या घराण्यांचा झाला आहे. पण गर्दी आणि मोठ्या आवाजाची यंत्रणा सोसत नसेल, तर मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारी संगीत सभा गाठा. मिरज हे तंबोरे-सतारी करणाऱ्यांचं गाव, तेव्हा दिवसा सतारमेकरांच्या दुकानांतून एक चक्कर मारा. जवारी काढताना, म्हणजे तार घुमावी म्हणून तिच्याखालची घोडी घासताना, तंबोऱ्याची तार कशी उघडत जाते ते तिथे कानाने ऐकता येतं. रात्री बैठकीत तंबोरा ऐकू येईल अशा बेताने बसा, अगदी स्पीकरच्या तोंडाशी नको.