चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आणि माझे ५०,३५० रुपये

आधी आकडा सांगून मोकळा होतो, कारण ओळखीच्यांत फिरता फिरता तो पाऊण लाखापर्यंत फुगलाय. सेकंडहँड स्कोप (रायफलवर बसवायची दुर्बीण) घेताना फसलो आणि गेले ते ५०,३५० रुपये. टोकनचे ५,०००, पार्सल निघण्याआधी ४१,००० आणि 'ट्रान्झिट इन्शुरन्स, माल पोचला की परत' म्हणून ४,३५०. हा शेवटचा आकडा सगळ्यात जास्त झोंबतो. परत मिळणारे पैसे आधी मागतो तो माणूस कोण असतो हे शाळकरी पोरालाही कळतं.

मी नवखा नाही. अकरा वर्षं एअर रायफल चालवतोय, क्लबातली नवी मुलं स्कोप घेण्याआधी मला विचारतात. म्हणूनच हे लिहायला दोन महिने लागले.

आपल्याकडे शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद, आणि ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालत नाही. म्हणजे स्कोप हवा असतो तो बेंचरेस्टवाल्यांना (रायफल टेबलावर टेकवून नेम धरणाऱ्यांना), फील्ड टार्गेटवाल्यांना (मोकळ्या मैदानात वेगवेगळ्या अंतरांवर नेम धरणाऱ्यांना) आणि माझ्यासारख्या २५-५० मीटरवर कागदाला भोकं पाडणाऱ्यांना. बाजार एवढासा, चांगला माल बाहेरून येणारा, त्यामुळे सेकंडहँडवर उड्या पडतात. भामट्याला हे पक्कं ठाऊक होतं.

नेमबाजांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाहिरात आली: '४-१६×४४, एफएफपी, ३० एमएम ट्यूब, ०.१ मिल क्लिक. हंटिंगला बेस्ट, लाँग रेंजला बेस्ट.' म्हणजे ४ ते १६ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ४४ मिलिमीटरची, आणि टरेटच्या (नेम सरकवायच्या गोल बटनांच्या) एका क्लिकला नेम ०.१ मिल हलणारा; मिल हे कोनाचं माप. एफएफपीचं पुढे सांगतो. शिकारीच्या स्कोपला पॉवर कमी, दृश्य रुंद, तिन्हीसांजेला चित्र उजळ आणि टरेट टोपणाखाली झाकलेले, म्हणजे झाडीत घासून फिरत नाहीत. लांबच्या नेमाला पॉवर जास्त, टरेट उघडे, आणि शंभर वेळा फिरवले तरी झिरोवर (आधी लावलेल्या नेमावर) परत येणारे. दोन्हीला 'बेस्ट' म्हणणारा एक तर अडाणी किंवा लबाड. मी त्याला अडाणी समजलो. हातात काय आहे ते याला माहीत नाही, स्वस्तात मिळतंय, असे मनातल्या मनात मांडेही खाल्ले. ५८,००० वर सौदा ठरला. त्यातले १२,००० पार्सल बघून द्यायचे होते. 'बघा, पटलं तर द्या, नाही तर परत पाठवा.' या वाक्याने माझा घात केला. राखून ठेवलेल्या बारा हजारांकडे बघत मी सेहेचाळीस हजार सोडून दिले.

आता त्या व्हिडिओबद्दल. मी मागितलाच होता, एवढं तरी माझ्या खात्यावर जमा धरा. त्याने फोन आयपीसला (डोळा लावायच्या काचेला) लावून समोरच्या पाण्याच्या टाकीवर स्कोप रोखला आणि झूमची रिंग ४ वरून १६ पर्यंत फिरवली. टाकी जवळ आली, मोठी झाली. मधली फुली मात्र होती तेवढीच राहिली.

ज्यांना हे माहीत आहे ते आत्ताच कपाळावर हात मारतील. एफएफपी म्हणजे रेटिकल (ती मधली फुली) पहिल्या फोकल प्लेनमध्ये, झूमच्या भिंगांच्या पुढच्या बाजूला. पॉवर वाढवली की चित्राबरोबर रेटिकलही त्याच प्रमाणात मोठं होतं, म्हणून तर त्यावरच्या मिलच्या खुणा कुठल्याही पॉवरवर खऱ्या राहतात. फुली वाढली नाही म्हणजे तो साधा एसएफपी, रेटिकल दुसऱ्या फोकल प्लेनमध्ये असलेला. यात मत-बित काही नाही, एवढं ढळढळीत. आणि हे मीच गेल्या वर्षी दोन मुलांना टेबलावर स्कोप ठेवून समजावलं होतं! तो व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. खटकलंही. मग स्वतःच वकिली केली: मोबाइलचा कॅमेरा आहे, ऑटोफोकस गंडत असेल, अँगल वाकडा असेल. चोराने एक शब्द खोटा बोलायची गरज पडली नाही, सगळं मीच बोललो. त्याच रात्री ४१,००० पाठवले.

माझ्या बाजूने एवढंच म्हणेन की तो माणूस आपल्यातला वाटला. होल्डओव्हर, पॅरॅलॅक्स, स्प्रिंगरचा (स्प्रिंगवर चालणाऱ्या एअर रायफलचा) उलटा धक्का, सगळं तोंडपाठ. ओळख म्हणून ग्रुपमधले दोन नंबरही दिले. ते दोघेही त्याच आठवड्यात ग्रुपमध्ये आले होते हे मी नंतर बघितलं. तुम्ही आधी बघा.

पार्सल आलं. खोका झकास, आत नक्कल. हे कळायला सहा दिवस गेले, कारण मी रेंजवर जाऊन 'खात्री' करत बसलो. ५० मीटरवर ०.१ मिलची एक क्लिक म्हणजे ५ मिलिमीटर, वीस क्लिकना छर्रा १० सेंटिमीटर वर लागायला हवा. लागला सहावर. वीस क्लिक परत खाली आणल्या तर मूळ जागी येईना. साठेक छर्ऱ्यांनंतर फुलीच तिरकी झाली. स्प्रिंगर रायफल पुढे-मागे असा दुहेरी धक्का देते, तो सोसण्यासाठी न बनवलेला स्कोप ती खिळखिळा करते. विकत घेताना 'स्प्रिंगरला चालतो का' हे लेखी विचारा.

आणखी एक, यासाठी छर्राही उडवावा लागत नाही. स्कोप सगळ्यात मोठ्या पॉवरवर हातभर लांब धरा आणि आयपीसमध्ये दिसणारं उजेडाचं वर्तुळ पट्टीने मोजा. ४४ भागिले १६ म्हणजे २.७५ मिलिमीटर यायला हवं. माझं जेमतेम २ आलं, म्हणजे पुढची काच ४४ ची दिसली तरी आत कडी बसवून कामाची ३२ च ठेवलेली. सिरियल नंबर मूळ कंपनीला मेल केला. एका दिवसात उत्तर: हा नंबर वेगळ्याच मॉडेलचा आहे. हा मेल फुकट होता. पैसे देण्याआधीही फुकटच होता.

आणि त्या माणसाची हिंमत बघा, सातव्या दिवशी त्याचाच फोन: 'सर, बारा हजार बाकी आहेत.' मी ओरडलो. नंबर बंद.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: 'रायफल? लायसन्स दाखवा.' मी सांगितलं की माझी .१७७ ची एअर रायफल आहे, परवाना लागत नाही, आणि फसवणूक रायफलची नाही, दुर्बिणीची आहे. हवालदारसाहेबांनी माझंच आधारकार्ड, माझंच बिल, माझाच पत्ता पडताळला. तासाभराने निवाडा आला: 'काका, वस्तू मिळाली ना? मग हे सायबर नाही, ग्राहक मंचात जा.' ग्राहक मंचाच्या बाहेर बसणारे वकील म्हणाले, विकणारा व्यापारी नाही, खासगी माणूस आहे, इथे टिकणार नाही, पोलिसांत जा. पुन्हा ठाण्यात. या वेळी दुसरे साहेब. त्यांना मी सांगितलं की ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. त्यांना ते आवडलं नाही. गुन्हा नोंदवला नाही, 'अर्ज' घेतला. पोच मागितली तर शिक्का कुलपात, शिक्केवाले रजेवर. बँकेत गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, पिन तुम्हीच टाकलाय, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीने झाला. बरोबर आहे, दरोडा पडायला हवा होता. चार खेपा, तीन अर्ज, एका अर्जावर माझं आडनाव चुकलेलं, आणि ते दुरुस्त करायला चौथा अर्ज.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० या नंबरवर, फोन मी सातव्या दिवशी केला. तोवर पैसे त्या खात्यातून पुढे दोन खात्यांत जाऊन निघालेही होते. ती चूक माझी. शंका आली त्याच तासाला फोन करा, रेंजवर नंतर जा. पार्सल उघडताना अखंड व्हिडिओ काढा, लेबलपासून. पैसे ज्या नावाच्या खात्यात जातायत ते नाव विकणाऱ्याच्या नावाशी जुळतंय का बघा. माझे एका बाईच्या खात्यात गेले, 'मिसेसचं खातं आहे सर'. घरी आमच्या मिसेसनी एवढंच विचारलं, 'अहो, ती फुली मोठी व्हायला हवी होती ना? तुम्हीच तर त्या मुलांना सांगत होतात.'

मागच्या मंगळवारी दुसऱ्या एका ग्रुपवर व्हिडिओतला तोच स्कोप विकायला आला. ट्यूबवरचा ओरखडा तोच, पाण्याची टाकी तीच, फुलीही तेवढीच. किंमत ५५,०००, टोकन ५,०००. स्क्रीनशॉट आणि नवा नंबर मी दुसऱ्या साहेबांना पाठवला. निळ्या टिक आल्या आहेत.