शॉप फ्लोअरवरचा लाइव्ह डिस्प्ले: एक उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

आमचं हिंगणा एमआयडीसीत सीएनसी टर्निंगचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथचं वर्कशॉप आहे, मुख्य काम ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं. दिवाळीनंतर प्रत्येक मशीनची स्थिती तिथल्या तिथे दाखवणारी सिस्टिम बसवली. नागपूरचा उन्हाळाही तिनं आता पाहिला, म्हणून सविस्तर लिहितोय. पैसे वसूल झाले. पण ज्या आकड्यासाठी घेतली, त्या आकड्यामुळे नाही.

तो आकडा म्हणजे ओईई (ओव्हरऑल इक्विपमेंट इफेक्टिव्हनेस). मशीन किती वेळ चाललं, किती वेगानं चाललं आणि किती माल पास झाला, या तिघांचा गुणाकार. जपानच्या सेइची नाकाजिमांनी टीपीएमबरोबर, म्हणजे सगळ्यांनी मिळून मशीनची देखभाल करायच्या पद्धतीबरोबर, तो रुजवला. ‘८५ टक्के म्हणजे वर्ल्ड क्लास’ हे प्रत्येक सेल्समन ऐकवतो. पण गुणाकारच तो, तिन्ही बाबी ९० टक्के असल्या तरी स्क्रीनवर ७२.९ उमटतात. त्यातून ऑपरेटरनं नेमकं काय करावं? कामाची निघाली ती खालची रंगीत पट्टी: सायकल सुरू असेल तर हिरवी, मशीन थांबलं की पिवळी, अलार्म आला की लाल.

सकाळी सातला पाळी बदलली की एका रांगेतल्या चारही मशीनच्या पट्ट्या पिवळ्या व्हायच्या आणि बराच वेळ तशाच राहायच्या. लॉगबुकात कारण एकच, ‘सेटिंग’. पट्टी समोर ठेवून जागेवर उभं राहिलो तेव्हा दिसलं की सेटिंग केव्हाच उरकलेलं असतं. सेटर, म्हणजे मशीन नव्या जॉबसाठी लावणारा, पहिला पीस हातात घेऊन क्वालिटीच्या टेबलाशी थांबलेला असतो. इन्स्पेक्टर एक, भोकाचं माप घ्यायचं बोअर गेज एक, आणि चार जॉब एकाच वेळी आलेले. दुसरं बोअर गेज घेतलं, जॉब बदलायच्या वेळा पुढेमागे केल्या. पिवळा रंग निम्म्याहून जास्त ओसरला. नवीन मशीन घ्यायचं चाललं होतं, ते तूर्त थांबवलंय.

आणखी एका जॉबला लांब, सलग चिप (कापलेल्या धातूची साल) निघून जॉब पकडणाऱ्या चकभोवती गुंडाळायची. ऑपरेटर फीड होल्ड करतो, म्हणजे टूलचं सरकणं थांबवतो, दार उघडतो, हुकनं चिप ओढतो, परत सायकल स्टार्ट. मिनिटभराचा खेळ, वहीत कोण लिहिणार? पट्टीवर मात्र कंगव्याच्या दातांसारख्या पिवळ्या रेघा दिसायला लागल्या. वेगळ्या चिपब्रेकरचं (चिप तोडणाऱ्या खाचेचं) इन्सर्ट, म्हणजे टूलचं बदलता येणारं पातं लावलं, फीड थोडा वाढवला, रेघा गेल्या.

जोडणीचं म्हणाल तर फॅनुक कंट्रोलरच्या नव्या मशीनवर इथरनेटची केबल लावली की फोकास या फॅनुकच्याच सॉफ्टवेअरमधून डेटा येतो. जुन्यांवर टॉवर लॅम्पचा, म्हणजे मशीनवरच्या रंगीत दिव्यांचा, २४ व्होल्टचा सिग्नल घेतला, तोही पुरेसा आहे. एका मशीनवर स्पिंडलच्या केबलला करंट सेन्सर लावून दिला होता, तो काढून टाकला. टूल हवेत फिरताना करंट कमी लागतो आणि सिस्टिम चालू मशीनला बंद धरते.

आता तक्रारी. डिस्प्ले म्हणून पुरवठादारानं घरगुती टीव्ही दिला आणि तो पत्र्याखाली उंचावर टांगला. असे टीव्ही साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ असतं, पत्र्याखालचं सांगायलाच नको. दुपारी तो बंद पडायचा. खाली, भिंतीला लावला तेव्हा टिकला. वेल्डिंग सुरू झालं की वायफाय तुटायचं आणि तेवढ्या वेळचा डेटा कायमचा जायचा, म्हणून सगळीकडे केबल ओढून घेतली. नेटवर्क गेल्यावर डेटा मशीनजवळच्या डब्यात साठतो का, हे ऑर्डर देण्यापूर्वी प्लग काढून बघा.

थांबण्याची कारणं इंग्रजीत आणि ढीगभर होती, त्यामुळे सगळे ‘अदर्स’ दाबायचे. मराठीत आठच ठेवली: मटेरियल नाही, टूल बदल, पहिला पीस तपासणी, लाइट गेली, अशी. तेव्हापासून नोंदी विश्वासार्ह आहेत.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे स्क्रीनवर ऑपरेटरचं नाव येऊ देऊ नका, मशीन नंबर पुरे. सुरुवातीला नावं यायची तेव्हा पोरं फीड ओव्हरराइडचा, म्हणजे टूलचा वेग कमी-जास्त करायचा नॉब १०० टक्क्यांच्या वर नेऊन आकडा सजवायची, आणि इन्सर्ट लवकर जायची. मशीन थांबलं तर त्याचा जाब मेंटेनन्सला, स्टोअरला, प्लॅनिंगला विचारायचा असतो. आठ तास उभ्यानं काम करणाऱ्या माणसाचं नाव चारचौघांत लाल रंगात झळकवणं मला पटत नाही. नावं काढल्यावर हीच पोरं स्वतःहून येऊन सांगायला लागली, ‘साहेब, तीन नंबरची पट्टी बघा, टरेट इंडेक्सला वेळ घेतोय,’ म्हणजे टूल बदलणारं डोकं हळू फिरतंय.

दर मशीनमागे वर्षाची फी द्यावी लागते, ती आधी लेखी घ्या आणि कच्चा डेटा एक्सेलमध्ये मिळेल हेही लिहून घ्या. दोन-तीनच मशीन असतील तर मी ही सिस्टिम घ्यायला सांगणार नाही, तेवढं डोळ्यांनी दिसतं. आठ-दहाच्या वर असतील तर जी रांग सगळ्यांत जास्त थांबते, तिथूनच सुरुवात करा.