रक्तविकार विभागातील आहारसल्ला सेवा: केमोच्या सहा सायकलींचा अनुभव

पुण्यातील एका खासगी रुग्णालयाच्या रक्तविकार विभागात प्रौढ रुग्णांसाठी आहारसल्ल्याची वेगळी सेवा आहे. माझ्या 62 वर्षांच्या आईसाठी आम्ही ती केमोच्या काळात सुमारे चार महिने घेतली. रुग्णालयाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि त्या एकाच ठिकाणच्या असतील असे मला वाटत नाही. शुल्क पहिल्या भेटीचे 600 रुपये आणि नंतरच्या प्रत्येक भेटीचे 300 रुपये होते.

आईला डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग, झाल्याचे निदान झाले होते आणि दर 21 दिवसांनी आर-चॉप हे पाच औषधांचे एकत्रित उपचार सुरू होते. त्यांची प्रत्येक फेरी म्हणजे एक सायकल. तिची उंची 157 सेंटिमीटर, वजन 51.5 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 20.9. भिंतीवरच्या कोणत्याही तक्त्यात हा आकडा ‘योग्य वजन’ याच रकान्यात बसतो, आणि भेटायला येणारे नातेवाईकही ‘बारीक झालीस, बरे झाले, गुडघ्यांवरचा भार कमी झाला’ असे म्हणून जात असत. आहारतज्ज्ञ बाईंनी मात्र वजनकाट्याकडे पाहण्याआधी फाइल उघडली. या आजाराची पायरी (स्टेज) ठरवताना डॉक्टर ताप, रात्रीचा दरदरून घाम आणि सहा महिन्यांत 10 टक्क्यांहून अधिक वजनघट या तीन लक्षणांची चौकशी करतात, आणि त्यांपैकी काही असल्यास पायरीच्या आकड्यापुढे ‘बी’ हे अक्षर लिहितात. आमच्या फाइलीत ते अक्षर होते. आजारापूर्वीचे 58 किलो वजनही तिथेच नोंदलेले होते. म्हणजे चार महिन्यांत 6.5 किलो, सुमारे 11 टक्के घट झाली होती. ही घट निदानाच्या कामी आली, पण तिच्यावर स्वतंत्रपणे काही करायचे असते हे तोवर आम्हाला कोणी सांगितले नव्हते. ‘काकू, तुमचे वजन तक्त्याप्रमाणे ठीक दिसते, पण हे तीव्र कुपोषण आहे,’ असे त्यांनी सरळ सांगितले, तेव्हा आईला जरा अपमान झाल्यासारखेच वाटले. कुपोषण म्हणजे मेळघाटातली मुले, खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरातल्या बाईला तो शब्द कसा लागू होईल, असा तिचा समज होता, आणि खरे सांगायचे तर माझाही होता.

त्यानंतर त्यांनी आदल्या दिवशी पोटात गेलेल्या प्रत्येक गोष्टीचा हिशेब मांडला: दोन वेळचा चहा, चार बिस्किटे, अर्धी भाकरी, वाटीभर पातळ वरण, दोन घास भात. प्रथिने जेमतेम 20 ग्रॅम भरली. कर्करोगाच्या रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला 25 ते 30 किलोकॅलरी आणि एक ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात हे गृहीत धरून त्यांनी 1,500 किलोकॅलरी आणि 65 ग्रॅम प्रथिने असे लक्ष्य ठरवले. मूत्रपिंडे नीट काम करत असल्याची खात्री त्यांनी रिपोर्ट पाहून आधीच करून घेतली होती.

इथवर सेवा उत्तम होती. मग हातात छापील आहारपत्रक आले आणि माझी निराशा झाली. ओट्स, ब्रोकोली, टोफू, ऑलिव्ह तेल! ते पत्रक नाशिकच्या द्राक्षबागेतल्या बाईसाठी लिहिलेले नव्हते आणि पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या बाईसाठीही नव्हते. मी तसे म्हटल्यावर त्यांनी पत्रक उलटे करून कोऱ्या बाजूला स्वतःच्या हाताने नवी यादी लिहिली: मुगाच्या कढणात चमचाभर तूप, मेतकूट-भातावर साईचे दही, भाकरीबरोबर दाण्याची चटणी, नाचणीच्या खिरीत दुधाची पावडर, संध्याकाळी उकडलेले अंडे किंवा पनीर. पोटाला जितके पेलवते तितक्यातच अधिक सत्त्व घालायचे, ताट वाढवायचे नाही, हे सूत्र आईला पटले. हीच यादी छापून का देत नाहीत, हे मला आजही कळलेले नाही.

उपचारांच्या चढउताराशी आहार जुळवून देणे, हा या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग. आर-चॉपमध्ये पहिले पाच दिवस प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या असतात. त्या दिवसांत भूक खवळते, साखर वाढते आणि अंगात पाणी साठते. दुसऱ्या सायकलीत सहाव्या दिवशी वजन दोन किलोंनी वाढलेले पाहून आम्ही पेढे आणायचेच बाकी होते. ते वजन पाण्याचे आहे, स्टेरॉइडमुळे स्नायू उलट झिजतात, म्हणून वजन प्रत्येक वेळी केमोच्या दिवशीच सकाळी करायचे आणि त्याच आकड्यांची तुलना करायची, असे बाईंनी समजावले. भुकेच्या त्या पाच दिवसांत गोडाऐवजी प्रथिने वाढवून घेतली. आर-चॉपमधल्याच व्हिन्क्रिस्टिन या औषधामुळे होणारे बद्धकोष्ठ हे भूक मरण्याचे मोठे कारण असते, हेही आम्हाला त्यांच्याकडूनच समजले. पोट साफ होण्याचे औषध डॉक्टरांकडून पहिल्याच दिवशी लिहून घ्या, चार दिवस वाट पाहून मग इसबगोल शोधत बसू नका, हा सल्ला फार उपयोगी पडला.

केमोनंतर काउंट, म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या, खाली गेल्यावर काय वर्ज्य करायचे, यावर आमच्या घरात दोन तट पडले होते. माझ्या काकूने फळे, दही, कोथिंबीर, सारेच बंद केले होते आणि आईच्या तोंडाची उरलीसुरली चव त्यामुळे गेली होती. अमेरिकेत ह्यूस्टन येथे ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) 153 रुग्णांवर झालेला आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास बाईंनी सांगितला. त्यात फक्त शिजवलेले अन्न खाणारे आणि कच्ची फळे-भाज्याही खाणारे यांच्यात गंभीर जंतुसंसर्गाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नव्हता. मग डॉक्टरांच्या संमतीने धुऊन सोललेली फळे आणि उकळलेल्या दुधाचे घरी लावलेले ताजे दही परत आले. कच्ची मोड आलेली कडधान्ये, अर्धे कच्चे अंडे, गाडीवरची कापलेली फळे आणि बर्फ घातलेला उसाचा रस यांवरची बंदी मात्र कायम राहिली. पपईच्या पानांचा रस आणि गव्हांकुर घेऊन आलेल्या हितचिंतकांनाही आहारतज्ज्ञ बाईंचे नाव सांगून परत पाठवता आले. ही सोय शुल्कात धरलेली नसावी.

रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन कमी, 2.9 आल्यावर मी घाबरून अंड्यातील पांढऱ्याची महागडी पावडर आणली होती. शरीरात दाह असला की अल्ब्युमिन खाली जाते, त्यावरून पोषण मोजू नये, असे सांगून त्यांनी माझे पुढचे डबे वाचवले. त्याच बाई दुसऱ्या भेटीत एका ठरावीक कंपनीच्या प्रथिन पावडरीचा आग्रह धरत होत्या आणि तिचा डबा नेमका खालच्या मजल्यावरच्या औषधाच्या दुकानातच मिळत होता, हे मात्र खटकले. आम्ही दोन डबे घेतले. तोंड आले तेव्हा गार दुधातून त्याचा उपयोग झाला, एरवी सातूचे पीठ पुरले.

माझी मोठी तक्रार वेळेची आहे. ही सेवा असल्याचे आम्हाला पहिल्या केमोत कोणी सांगितले नाही, शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या मुलाकडून कळले. निदान झाले त्याच दिवशी वजनघट पाहून इकडे पाठवले असते, तर किमान तीन आठवडे वाचले असते. शिवाय खोली दुसऱ्या इमारतीत आहे, तिथे लिफ्ट नाही, आणि पकडीची ताकद मोजण्याचे साधे उपकरणही नाही. त्यामुळे स्नायूंची प्रगती वजन आणि दंडाचा घेर यांवरूनच समजून घ्यावी लागली. पाचपैकी चार गुण देताना कापलेला एक गुण या साऱ्यासाठी आहे.

सहाव्या केमोच्या सकाळी आईचे वजन 54.2 किलो भरले. जाणाऱ्यांनी फाइल, आजारापूर्वीच्या वजनाचा कोणताही लेखी पुरावा आणि दोन दिवसांच्या खाण्याची नोंद बरोबर न्यावी. फोनवरच्या शंकांचे निरसन दुपारी तीन ते पाच या वेळेत विनाशुल्क होते, शनिवारी फोन कोणी उचलत नाही.